काचेच्या पेटीतला महाशिंपला



कोकणात राहणाऱ्या वाचकांना तिसऱ्या म्हणजे काय हे सांगायला नको. बाजारात टोपलीत त्यांचा ढीग असतो. दोन शिंपले, ते जोडणारी एक बिजागरी आणि आत मऊ जीव अशी तिची साधी रचना असते. आता हीच तिसरी मनातल्या मनात वाढवत न्या. ती तळहाताएवढी झाली, परातीएवढी झाली, आणि अखेर सव्वा मीटर लांब व दोनशे किलोग्रॅमहून अधिक वजनाची झाली, अशी कल्पना करा. असा शिंपला खरोखरच आहे. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतील उथळ प्रवाळक्षेत्रांत तो राहतो. ट्रायडॅक्ना गिगास हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याची भावंडे आकाराने लहान असतात. काही वीतभर, तर काही हातभर. या सर्वांना मिळून आपण महाशिंपले म्हणू.

जुन्या साहसकथांत हा शिंपला पाणबुड्याचा पाय पकडून त्याला बुडवतो. यात तथ्य नाही. तो सावकाश मिटतो, आणि फार मोठ्या महाशिंपल्याला तर पूर्ण मिटताही येत नाही. त्याने माणसाचा जीव घेतल्याची एकही खात्रीची नोंद नाही. उलट माणसानेच त्याचे मांस आणि शिंपले यांच्यासाठी कित्येक किनाऱ्यांवरून त्याला नाहीसे केले आहे.

मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक आहे. मग प्राणिशास्त्राच्या या भानगडीत मी कसा पडलो? त्याला कारण माझा भाचा. तो जर्मनीत हँबर्गला नोकरी करतो. खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत प्रवाळ आणि मासे पाळणे हा त्याचा छंद. त्या देशात हा छंद बराच रुजलेला आहे. त्याने शेतीत वाढवलेला एक लहान महाशिंपला रीतसर कागदपत्रांसह विकत घेतला. चार महिन्यांनी तो मेला. भाच्याने मला फोनवर विचारले, "मामा, पाणी अगदी समुद्रासारखं होतं, दिवा दहा तास चालू असायचा. मग हा का गेला?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हा दोघांना शाळेतलेच विज्ञान पुन्हा एकदा उजळावे लागले. ते उत्तर आज तुम्हांला सांगतो.

अंगात शेत बाळगणारा प्राणी

प्रथम हा प्राणी खातो काय ते पाहू. तिसरी पाणी आत ओढते, कल्ल्यांनी गाळते आणि त्यातले सूक्ष्म कण खाते. महाशिंपलाही पाणी गाळतो. परंतु प्रवाळक्षेत्रातले पाणी काचेसारखे स्वच्छ असते. त्यात अन्नकण फारच थोडे. एवढ्या मोठ्या देहाचे त्यावर भागणार कसे?

१९२८-२९ साली ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक ब्रिटिश शास्त्रीय मोहीम गेली होती. तिचे प्रमुख मॉरिस यंग यांनी महाशिंपल्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९३६ मध्ये तो प्रसिद्ध केला. शिंपला उघडला की दोन्ही बाजूंनी मांसल, रंगीत झालर बाहेर पसरते. तिला प्रावार म्हणतात. या झालरीत असंख्य एकपेशीय शैवाल राहतात. हे शैवाल सूर्यप्रकाशात प्रकाशसंश्लेषण करून साखर तयार करतात आणि तिचा मोठा भाग शिंपल्याला मिळतो. शिंपला त्यांना आसरा देतो, शिवाय आपल्या श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि उत्सर्गातला अमोनिया खत म्हणून पुरवतो. याला सहजीवन म्हणतात. जठरापासून फुटलेल्या बारीक नळ्यांचे जाळे झालरीत पसरलेले असते आणि शैवाल त्या नळ्यांत राहतात, हे पुढे १९९२ मध्ये स्पष्ट झाले.

गंमत अशी, की हे शैवाल त्याला जन्मतः मिळत नाहीत. मोठी मादी-नर अशी जोडीही येथे नसते. एकच प्राणी दोन्ही कामे करतो. ट्रायडॅक्ना गिगास एका वेळी सुमारे ५० कोटी अंडी पाण्यात सोडू शकतो. त्यांतून निघालेल्या अळ्या काही दिवस पाण्यात तरंगतात आणि समुद्रातूनच शैवाल गिळून घेतात. म्हणजे प्रत्येक पिढीला आपले बियाणे नव्याने मिळवावे लागते.

तेव्हा महाशिंपला म्हणजे अर्धा प्राणी आणि अर्धे शेत, असे समजायला हरकत नाही. आणि शेताला पहिली गरज उन्हाची.

उजेड म्हणजे किती उजेड?

भाचा म्हणाला, "पेटी तर लख्ख उजळलेली असायची." येथेच पहिली चूक दडलेली होती.

आपला डोळा हा उजेडाचा फार वाईट मापक आहे. बाहुली लहानमोठी होते, दृष्टिपटलही जुळवून घेते, आणि कमी-जास्त उजेड आपल्याला जवळजवळ सारखाच वाटतो. प्रत्यक्ष आकडे पाहा. भर दुपारच्या उन्हात उजेड सुमारे १ लाख लक्स असतो. ज्या खोलीत तुम्ही दिव्याखाली आरामात वाचता, तेथे तो ३०० लक्सच्या आसपास असतो. म्हणजे तीनशे पटींहून अधिक फरक! तरी खोली आपल्याला 'लख्ख' वाटते.

आता व्यस्त वर्गाचा नियम आठवा. एका बिंदूतून निघणारा प्रकाश पसरत जातो. अंतर दुप्पट झाले की तोच प्रकाश चौपट क्षेत्रफळावर पसरतो, म्हणून तीव्रता एक चतुर्थांश उरते. पाणी उडून दिवा बिघडू नये म्हणून भाच्याने आपला लहानसा दिवा पाण्याच्या ४० से. मी. वर टांगला होता. शिंपला आणखी ४० से. मी. खाली, वाळूवर ठेवलेला होता. पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत अंतर ४०, शिंपल्यापर्यंत ८०. म्हणजे पृष्ठभागावर जेवढा उजेड पडत होता, त्याचा ढोबळ मानाने चौथा हिस्साच शिंपल्याला मिळत होता. काचांवरून होणारे परावर्तन आणि पाण्यातील अपवर्तन यांमुळे आकडा थोडा बदलेल, पण मुद्दा बदलत नाही.

तुम्ही म्हणाल, कमी तर कमी, पण काही अन्न तर तयार होत असेल? होत असते. पण खर्चही पाहायला हवा. प्रकाशसंश्लेषण दिवा असेल तेव्हाच होते. श्वसन मात्र चोवीस तास चालते. दहा तासांच्या कमाईत चोवीस तासांचा खर्च भागला पाहिजे, आणि वाढीसाठी वर काही उरले पाहिजे. कमाई आणि खर्च ज्या उजेडात बरोबरीला येतात, त्याच्या खाली शिंपला साठवणीवर जगू लागतो. बँकेतली शिल्लक मोडून खाणाऱ्या माणसासारखी ही गत होते. तो माणूस पहिल्या महिन्यात गरीब दिसत नाही. हा शिंपलाही तीन महिने ठीक दिसला. मग झालर आखडू लागली, शिंपले नको तितके फाकले आणि एके दिवशी तो मिटेनासा झाला. उजळलेल्या पेटीत तो उपासमारीने मेला होता.

उजेडाचा रंगही पाहू. पाणी लाल प्रकाश झपाट्याने शोषते. ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद लाल प्रकाश शुद्ध पाण्यात साधारण दर १.१ मीटरला निम्मा होतो. ५ मीटर खोलीवर त्याचा सुमारे विसावा भागच उरतो. निळा प्रकाश मात्र तेवढ्या अंतरात फारसा कमी होत नाही. म्हणूनच खोल पाणी निळे दिसते, आणि म्हणूनच शिंपल्यातील शैवालांची रंगद्रव्ये निळा व निळसर-हिरवा प्रकाश उत्तम शोषतात. अशा पेट्यांवर निळसर छटेचे दिवे लावतात ते केवळ शोभेसाठी नव्हे.

सर्व जातींना सारखाच उजेड लागत नाही. ट्रायडॅक्ना क्रोसिया आणि मॅक्सिमा या लहान, झगझगीत रंगांच्या जाती. त्यांना प्रखर उजेड हवा. डेरासा आणि स्क्वामोसा त्यापेक्षा कमी उजेडात भागवतात. नवा शिंपला एकदम प्रखर दिव्याखाली ठेवणेही बरे नव्हे. सावलीतले रोप उन्हात नेताना आपण ते हळूहळू सरावाने नेतो, तसेच येथे करावे लागते.

साबणाचे फुगे आणि सूचिछिद्र कॅमेरा

महाशिंपल्याची झालर निळी, हिरवी, जांभळी, सोनेरी अशी चमकते. यांतील चमकदार निळे-हिरवे रंग रंगद्रव्याचे नसून व्यतिकरणाचे आहेत. पहिल्या पावसानंतर रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर किंवा साबणाच्या फुग्यावर जे रंग दिसतात, त्यांचीच ही जात. झालरीतल्या काही पेशींमध्ये प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही पातळ असे थर एकावर एक रचलेले असतात. त्यांवरून परावर्तित झालेल्या काही तरंगलांबी एकमेकींना बळ देतात, काही एकमेकींना मारतात.

हा थाट कशासाठी? २०१४ साली अमेरिकेतील ॲलिसन स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पलाऊ बेटांजवळच्या शिंपल्यांचा अभ्यास करून याचे सुंदर उत्तर दिले. झालरीत शैवाल उभ्या खांबांसारखे रचलेले असतात. चमकत्या पेशी त्यांच्या वर असतात. या पेशी उपयोगी प्रकाश पुढे, थोडासा पसरवून, खांबांच्या मधल्या जागेत खोलवर सोडतात. तो खांबांच्या बाजूंवर पडतो. निरुपयोगी प्रकाशाचा बराच भाग त्या परत फेकतात. असे नसते, तर सर्वांत वरच्या शैवालांना ऊन अतोनात लागले असते आणि खालचे अंधारात राहिले असते. घराच्या दाटीत प्रत्येक खोलीला उजेड मिळावा म्हणून एखादा कुशल गवंडी झरोके काढतो, तसाच हा प्रकार. २०२४ मध्ये याच गटाने या रचनेचे गणित मांडले. उजेडानुसार झालर ताणली वा आखडली जाऊन खांबांतील अंतर बदलते असे धरले, तर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग उपयोगी लावता येतो, असे त्यातून निघाले. सौर विद्युत्घट बनवणाऱ्यांनाही त्यातून काही शिकता येईल.

झालरीच्या कडेला शेकडो बारीक डोळेही असतात. या डोळ्यांना भिंग नसते, केवळ एक छिद्र असते. पुठ्ठ्याच्या डब्याला टाचणीने भोक पाडून तुम्ही सूचिछिद्र कॅमेरा केला असेलच. हे डोळे त्याच तत्त्वावर चालतात. चित्र फारसे स्पष्ट दिसत नाही, पण सावली कळते. पेटीवरून हात फिरवला की निरोगी शिंपला झालर चटकन आत ओढतो. पाळणारे लोक हीच त्याची नाडीपरीक्षा समजतात. भाच्याच्या शिंपल्याने शेवटच्या आठवड्यात हाताच्या सावलीला दाद देणे सोडले होते.

एक वाटी डाळ, दोन वाट्या तांदूळ

भाच्याने वर्षभर थांबून दिवा बदलला, तो खाली आणला, उजेड मापकाने मोजला आणि मग दुसरा शिंपला आणला. तो ट्रायडॅक्ना डेरासा जातीचा होता. या वेळी झालर चांगली पसरली. शिंपल्याच्या कडेला नव्या वाढीची पांढरीशुभ्र रेघ दिसू लागली. तीन महिन्यांनी मात्र ती रेघ दिसेनाशी झाली. वाढ थांबली होती. त्याने कॅल्शियम मोजले. लिटरला ३९० मि. ग्रॅ. निघाले. समुद्रात ते सुमारे ४१० असते. "फरक किरकोळ आहे, मामा. म्हणजे चुना तर भरपूर आहे," तो म्हणाला.

येथे मी आमच्या रसायनशास्त्र विभागातील मित्राची मदत घेतली. त्याने विचारले, "कॅल्शियम मोजलं, पण बायकार्बोनेट मोजलं का?"

शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा बनतो. त्याची रासायनिक क्रिया शब्दांत अशी मांडता येईल:

कॅल्शियमचा १ आयन + बायकार्बोनेटचे २ आयन → कॅल्शियम कार्बोनेट + कार्बन डायऑक्साइड + पाणी

म्हणजे एका कॅल्शियममागे दोन बायकार्बोनेट लागतात. आता समुद्राच्या पाण्याचे कोठार पाहू. एक लिटर पाण्यात कॅल्शियम सुमारे १० मिलिमोल असते. कार्बोनेट-बायकार्बोनेटमुळे येणारी अल्कता मात्र सुमारे २.४ मिलिमोलच असते. खिचडीला एक वाटी डाळ आणि दोन वाट्या तांदूळ लागतात, पण घरात डाळ दहा वाट्या आणि तांदूळ जेमतेम अडीच वाट्या आहेत, अशी ही स्थिती. डाळीचा डबा भरलेला पाहून गृहिणी निश्चिंत राहिली, तर दुसऱ्याच दिवशी चूल थंड राहील.

आता भाच्याच्या पेटीचा हिशेब करा. पाणी २०० लिटर. तीन महिन्यांत शिंपला आणि प्रवाळ यांनी मिळून १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट तयार केले असे धरू. त्याचा रेणुभार १०० आहे, म्हणून हे ०.१ मोल झाले.

कॅल्शियम: कोठारात सुमारे २ मोल, खर्च ०.१ मोल, घट ५ टक्के. म्हणजे ४१० चे ३९०.

अल्कता: कोठारात ०.४८ मोल, खर्च ०.२ मोल; घट चाळीस टक्क्यांहून अधिक. म्हणजे लिटरला २.४ ची १.४.

आमच्या सांगण्यावरून भाच्याने अल्कता मोजली. ती १.४ च्या आसपासच निघाली! कॅल्शियमची ५ टक्के घट मोजमापाच्या चुकीत सहज लपून जाते. अल्कतेची घट लपत नाही. पण ती मोजली तर. मित्रहो, मोजणे चांगलेच, परंतु जी राशी लवकर बदलते ती मोजणे अधिक चांगले. हा धडा केवळ शिंपल्यापुरता नाही.

अल्कता मोजण्याची रीत तुम्हांला परिचित आहे. ब्युरेटमधून आम्ल थेंबथेंब सोडायचे आणि दर्शकाचा रंग बदलला की थांबायचे. शाळेतल्या अनुमापनाचीच ही छोटी आवृत्ती.

चुन्याची निवळी

उणीव कळली, भरून काढायची कशी? नुसता कॅल्शियम क्लोराइड घातला तर डाळच वाढेल, तांदूळ नाही. जर्मनीतील हौशी लोकांनी यासाठी १९७० च्या दशकापासून एक उपाय रूढ केला आहे. ते त्याला काल्कवासर म्हणतात. नाव परके वाटले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे: चुन्याची निवळी!

शाळेत तुम्ही निवळीत नळीने फुंकर मारली असेल. निवळी प्रथम दुधाळ होते, कारण उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. पण तशीच फुंकत राहिलात, तर ती पुन्हा स्वच्छ होते. कारण जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे विद्राव्य कॅल्शियम बायकार्बोनेट बनते. पेटीत हीच दुसरी अवस्था हवी असते. एक कॅल्शियम आणि दोन बायकार्बोनेट! शिंपल्याला ज्या प्रमाणात सामान लागते, नेमक्या त्याच प्रमाणात निवळी ते पुरवते.

किती निवळी लागेल? खर्च झाले ०.१ मोल. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा रेणुभार ७४, म्हणून ७.४ ग्रॅम चुना हवा. संपृक्त निवळीत लिटरला सुमारे १.७ ग्रॅम चुना विरघळलेला असतो. म्हणजे सुमारे साडेचार लिटर निवळी.

पण सबूर! ही निवळी एकदम ओतली तर अनर्थ होईल. संपृक्त निवळीचा सामू, म्हणजे पीएच, सुमारे १२.४ असतो, समुद्राचा ८.१ च्या जवळपास. म्हणून भाच्याने रोज रात्री ३०० मिलिलिटर याप्रमाणे, थेंबथेंब, पंधरा दिवसांत ती सोडली. रात्रीच का? दिवसा शैवाल कार्बन डायऑक्साइड वापरतात, त्यामुळे सामू वर जातो. रात्री सर्व प्राणी तो सोडतात आणि सामू खाली येतो. निवळी रात्री सोडली की दोन्ही पारडी सावरतात. महिन्याभराने शिंपल्याच्या कडेला पांढरी रेघ पुन्हा उमटली. भाच्याने तिचे छायाचित्र पाठवले. मी ते वर्गात फळ्याशेजारी लावले आहे.

माठ, मीठ आणि खत

आणखी तीन गोष्टी थोडक्यात सांगतो.

पहिली उष्णता. शिंपल्याला पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे लागते. १०० वॅटचा दिवा १० तासांत ३,६०० किलोजूल ऊर्जा देतो. ती सगळी २०० लिटर पाण्यात मुरली, तर तापमान चार अंशांहून अधिक वाढेल. मग पाणी तापत का नाही? त्याचे कारण आपल्या माठात आहे. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होताना सुमारे २,४०० किलोजूल उष्णता खर्च होते. दिवसाला दीड लिटर पाणी उडाले की हिशेब मिटला. पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की हे काम वेगाने होते.

दुसरे मीठ. उडते ते पाणी. मीठ मागेच राहते. समुद्राची क्षारता हजारी ३५ असते. रोज २ लिटर पाणी उडाले आणि आठवडाभर भर घातली नाही, तर २०० चे १८६ लिटर होतात आणि क्षारता ३७.६ वर जाते. म्हणून रोज भर घालायची, आणि ती खाऱ्या नव्हे तर शुद्ध गोड्या पाण्याची. येथे पुष्कळ नवखे चुकतात.

तिसरे खत. मासे अमोनिया सोडतात. सच्छिद्र खडकांवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. जकार्ताचे ली चिन एंग यांनी समुद्रातले असे जिवंत खडक पेटीत ठेवण्याची पद्धत १९६१ मध्ये जगापुढे मांडली. यातला थोडा अमोनिया व नायट्रेट शिंपल्यातील शैवाल खत म्हणून घेतात. म्हणून पाणी घाण नको, पण निर्जीव स्वच्छही नको. माशांच्या रोगावर तांबेयुक्त औषधे वापरतात, ती मात्र शिंपल्याला विषासमान आहेत. आणि अगदी लहान शिंपल्यांना नुसता उजेड पुरत नाही. त्यांना गाळून खाण्यासाठी सूक्ष्म अन्नकणही हवेत.

आपण काय करावे?

हे वाचून काहींच्या मनात आले असेल, आपणही एक आणावा. तसे करू नका. ट्रायडॅक्ना मॅक्सिमा आणि स्क्वामोसा या जाती लक्षद्वीप व अंदमानच्या प्रवाळांत आढळतात, आणि २००१ पासून त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. खडकासारखे सांगाडे बांधणाऱ्या प्रवाळांनाही तेच संरक्षण आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांचा दर्जा वाघाइतकाच मोठा. सहलीला गेल्यावर त्यांचे रिकामे शिंपलेही उचलू नका. १९८० च्या दशकापासून सर्वच जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. याच दशकात पलाऊमध्ये त्यांची मोठ्या प्रमाणावर शेती सुरू झाली. परदेशातील काचपेट्यांत जे शिंपले जायला हवेत ते अशा शेतीतले. समुद्रातून ओरबाडलेले नव्हेत.

परंतु संकट केवळ ओरबाडण्याचे नाही. पाणी फार तापले की प्रवाळांप्रमाणे महाशिंपलेही आपले शैवाल गमावतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे तापलेले समुद्र सोसले आहेत. दुसरीकडे हवेतील कार्बन डायऑक्साइड औद्योगिक युगापूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. त्याचा मोठा वाटा समुद्रात विरघळतो, सामू घसरतो आणि शिंपले बांधणे कठीण होत जाते. भाच्याच्या २०० लिटर पाण्याला साडेचार लिटर निवळी पुरली. समुद्राला निवळी पाजायला कोण बसणार?

तुमच्या हाती आज काय आहे? तीन छोटे प्रयोग करा. एक: अंधाऱ्या खोलीत एक छोटा दिवा आणि चौकटीचा कागद घ्या. पुठ्ठ्यातील चौकोनी छिद्रातून पडलेला उजेड दुप्पट अंतरावर किती चौकटी व्यापतो ते मोजा. मोबाइल फोनमधील प्रकाशमापकाने आकडेही घेता येतील. दोन: शिक्षकांच्या देखरेखीखाली निवळी दुधाळ करून पुन्हा स्वच्छ करा. निवळी डोळ्यांत वा तोंडात जाऊ देऊ नका. तीन: मालवणकडे गेलात तर ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्याशी शांतपणे बसा. तेथे महाशिंपला नसेल, पण लहान शिंपले आणि कालवे असतील. त्यांच्यावर हाताची सावली धरा आणि काय होते ते वहीत टिपून ठेवा. हात मात्र लावू नका.

भाच्याचा डेरासा आता वीतभर झाला आहे. तो मोठा होत गेला की ही पेटी त्याला अपुरी पडणार. मग त्याला एखाद्या मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयाकडे सोपवायचे, असे त्याने ठरवले आहे. पहिल्या शिंपल्याचे कवच त्याने टाकलेले नाही. ते त्याच्या मेजावर आहे, आणि त्यात त्याने उजेड मोजायचा मापक ठेवला आहे.